धातूचे नाव छापले, अवस्था राहून गेली

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाणी, माती आणि हवा यांच्या प्रदूषणाच्या बातम्यांत जड धातूंचा उल्लेख आता वारंवार येतो आणि वृत्तपत्रे या विषयाला जागा देतात, याचे रसायनशास्त्राचा अध्यापक म्हणून मला मनापासून समाधान आहे. परंतु या बातम्यांची मांडणी बहुधा एकाच साच्याची असते. अमुक नमुन्यात क्रोमियम इतके, आर्सेनिक इतके, शिसे इतके सापडले आणि ते मर्यादेच्या इतके पट आहे, एवढे सांगून बातमी संपते. तो धातू कोणत्या ऑक्सिडीकरण अवस्थेत होता, म्हणजे संयुगात त्याच्या अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले असे हिशेबाने धरले जाते (ते +३, +६ असे लिहितात), हे त्यात नसते. वस्तुतः तो धातू किती विषारी ठरेल, पाण्याबरोबर वाहत जाईल की मातीला धरून राहील, शरीरात सहज शिरेल की नाही आणि त्याला पाण्यातून वेगळे कसे काढावे, या सर्व प्रश्नांची उत्तरे फार मोठ्या प्रमाणात त्या अवस्थेवर अवलंबून असतात. ही माहिती बातमीत यावी, एवढीच या पत्रातील मागणी आहे. ती का करावीशी वाटते, हे मात्र थोड्या विस्ताराने सांगावे लागेल.

क्रोमियमपासून सुरुवात करतो, कारण अवस्था बदलली की एकाच मूलद्रव्याचे वर्तन किती पालटते, हे त्याच्याइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरे मूलद्रव्य दाखवते. स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियम धातुरूपात, म्हणजे शून्य अवस्थेत असते आणि पृष्ठभागावर आपोआप तयार होणाऱ्या त्याच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे ते पोलाद सहसा गंजत नाही. त्या थरातील, क्रोमाइट या खनिजातील आणि चामडे कमावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्षारांतील क्रोमियम +३ अवस्थेत असते. (माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा हे दोन्ही रंग +३ क्रोमियममुळे येतात, फक्त त्याच्या भोवतालचे अणू आणि त्यांची मांडणी वेगळी असते, म्हणून नुसत्या रंगावरून अवस्था ठरवण्याचा मोह टाळलेला बरा.) क्रोमेट आणि डायक्रोमेट या संयुगांत मात्र तेच क्रोमियम +६ अवस्थेत असते.

उदासीन पाण्यात +३ क्रोमियमचा बराचसा भाग हायड्रॉक्साइडच्या रूपाने तळाशी बसतो किंवा मातीच्या कणांना चिकटतो आणि पेशीच्या पटलातून तो सहजासहजी आत जात नाही. +६ क्रोमियम ऋण प्रभार असलेल्या क्रोमेट आयनाच्या रूपात विरघळलेले राहते. या आयनाची घडण सल्फेट आयनाशी इतकी मिळतीजुळती असते, की सल्फेट आत घेण्याच्या मार्गानेच तो पेशीत शिरतो. आत गेल्यावर पेशीतील क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारी, द्रव्ये त्याला +५, +४ आणि शेवटी +३ अशा पायऱ्यांनी खाली आणतात, आणि या उतरणीत तयार होणारी क्रियाशील द्रव्ये तसेच डीएनएला जाऊन जोडले जाणारे +३ क्रोमियम हे दोन्ही अपाय करतात. पटलाबाहेर अडकून राहणारा तोच आयन पटलाच्या आत जन्माला आला की घातक ठरतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगताना मला दरवेळी थांबावेसे वाटते, कारण ‘विषारी धातू’ हा शब्दप्रयोग किती अपुरा आहे हे तिच्यातून नेमके कळते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये +६ अवस्थेतील क्रोमियमच्या संयुगांना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात घातले. +३ संयुगांना मात्र, पुरेसा पुरावा नसल्यामुळे वर्गीकरण करता येत नाही अशा तिसऱ्या गटात ठेवले. मूलद्रव्य एकच असूनही गट वेगळे आहेत.

असे असता ‘क्रोमियम मर्यादेच्या दुप्पट’ या वाक्याचा वाचकाने काय अर्थ घ्यावा? पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेले लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम हे मूल्य एकूण क्रोमियमसाठी आहे, आणि सावधगिरी म्हणून ते तसे असणे योग्यच आहे. पण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये केवळ +६ क्रोमियमसाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम अशी वेगळी मर्यादा लागू केली, त्याचे कारण एकूण आकड्यात दडून जाणारा हा फरकच आहे. शिवाय एकूण आकडा कधी कधी चुकीच्या दिशेने नेतो. दूषित जमिनीत फेरस सल्फेटसारखे क्षपणक मिसळून +६ क्रोमियमचे +३ मध्ये रूपांतर केले, तर धोका मोठ्या प्रमाणात घटतो. परंतु जमिनीतील एकूण क्रोमियम एका मिलिग्रॅमनेही कमी झालेले नसते. एकूण आकडाच पाहणारा वार्ताहर ‘उपाय निष्फळ’ असे लिहील. याच्या उलटही घडू शकते. मातीतील मँगनीज डायऑक्साइड +३ क्रोमियमचे हळूहळू ऑक्सिडीकरण करून त्याला पुन्हा +६ मध्ये नेऊ शकते. तेव्हा एकूण आकडा जागचा हललेला नसतो आणि धोका वाढलेला असतो.

या फिरण्याला माध्यमाची आम्लता वा आम्लारिता फार मोठे वळण देते. आम्लात डायक्रोमेटचे प्रमाण विद्युतविभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याचा कल दाखवणारा आकडा) सुमारे +१.३ व्होल्ट असते, म्हणजे ते प्रबळ ऑक्सिडीकारक असते आणि +३ मध्ये उतरायला उत्सुक असते. तीव्र आम्लारिधर्मी द्रावणात मात्र क्रोमेटचे विभव शून्याच्याही किंचित खाली जाते, आणि तिथे +३ वरून +६ कडे जाणे सोपे होते. क्रोमाइट खनिज सोड्याबरोबर हवेत भाजून क्रोमेट बनवण्याची औद्योगिक पद्धत या गुणधर्मावर उभी आहे, आणि सांडपाणी शुद्ध करताना सामू (पीएच) दोन-तीनपर्यंत खाली आणून आधी क्षपण करायचे व मग सामू आठ-नऊपर्यंत चढवून हायड्रॉक्साइडचा अवक्षेप पाडायचा, हा क्रमही त्यातूनच आला आहे. एखाद्या कारखान्याने ‘सामू योग्य करून’ पाणी सोडले म्हणून सांगितले, तर आधीची क्षपणाची पायरी घेतली होती का, हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण ती वगळली तर क्रोमेट सामू कितीही बदलला तरी हायड्रॉक्साइड म्हणून खाली बसत नाही.

मूलद्रव्यांना अशा अनेक अवस्था का असतात, हे शाळेत ‘परिवर्ती संयुजा’ या मथळ्याखाली शिकवले जाते. फेरस आणि फेरिक, क्युप्रस आणि क्युप्रिक, मर्क्युरस आणि मर्क्युरिक या जोड्या पाठ होतात आणि विषय पुढे सरकतो. त्यामागचे कारण असे, की सोडियमसारख्या धातूत बाहेरचा एक इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर पुढचा काढायला अनेक पट ऊर्जा लागते, म्हणून त्याची अवस्था संयुगांत +१ ठरून जाते. पण संक्रमण मूलद्रव्यांत बाहेरील एस उपकवच आणि त्याच्या आतील डी उपकवच यांच्या ऊर्जा जवळजवळ असल्यामुळे किती इलेक्ट्रॉन बंधात उतरतील, हे समोरचे मूलद्रव्य आणि माध्यम ठरवतात. त्यामुळे मँगनीज +२ पासून पोटॅशियम परमँगनेटमधील +७ पर्यंत एकेका पायरीने चढते. ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये ऑस्मियम +८ पर्यंत पोहोचते, आणि २०१४ मध्ये इरिडियमच्या एका धन आयनात, तोही वायुरूपात, +९ ही आजवरची सर्वोच्च अवस्था नोंदवली गेली.

आवर्तसारणीच्या उजवीकडील जड धातूंचे गणित निराळे आहे. तिथे अवस्था दोन-दोनच्या अंतराने बदलतात. थॅलियम +१ किंवा +३, शिसे +२ किंवा +४, बिस्मथ +३ किंवा +५, आणि या तिघांतही खालची अवस्था अधिक स्थिर असते, कारण सर्वांत बाहेरील एस उपकवचातील इलेक्ट्रॉनांची जोडी बंधात उतरायला नाखूश असते. याला निष्क्रिय युग्म परिणाम म्हणतात. त्याचे मूळ शोधू गेल्यास सापेक्षता सिद्धान्तापर्यंत जावे लागते. ८२ अणुअंकाच्या शिशात केंद्राच्या सर्वांत जवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ६० टक्के वेगाने फिरतात. त्यामुळे एस कक्षके आकसतात आणि बाहेरची ती जोडीही केंद्राकडे अधिक घट्ट ओढली जाते. शिसे आणि आम्ल यांच्या बॅटरीत एका पट्टीवर शून्य अवस्थेतील शिसे आणि दुसरीवर +४ अवस्थेतील शिशाचा डायऑक्साइड असतो, आणि वीज देताना दोन्हींचे +२ मधील सल्फेट होते. या बॅटरीच्या प्रत्येक कोषातून मिळणाऱ्या सुमारे २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट सापेक्षतेच्या परिणामांमुळे येतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितातून दिसले. रोज वाहने सुरू करणारी ही बॅटरी +४ शिशाच्या अस्थिरतेवर चालते, हे सांगितले की वर्गातील बरेच डोळे विस्फारतात.

येथे संयुजा आणि ऑक्सिडीकरण अवस्था या दोन संकल्पनांतील फरक सांगणे आवश्यक आहे, कारण बातम्यांत आणि कधी कधी पाठ्यपुस्तकांतही त्या एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८५२ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून संयुजा आली. अणू किती बंध जोडतो, याचा तो आकडा आहे आणि त्याला धन वा ऋण चिन्ह नसते. ऑक्सिडीकरण अवस्था हा इलेक्ट्रॉनांचा हिशेब आहे. दोन वेगळ्या मूलद्रव्यांमधील प्रत्येक बंधातले इलेक्ट्रॉन अधिक विद्युतऋण अणूच्या पदरात टाकायचे आणि मग अणूवर जो प्रभार उरेल तो लिहायचा. डायक्रोमेट आयनात सात ऑक्सिजन आहेत, प्रत्येकी -२ धरल्यास -१४ होतात. आयनावरील एकूण प्रभार -२ आहे. म्हणून दोन क्रोमियम अणूंच्या वाट्याला +१२, म्हणजे प्रत्येकी +६ येतात. क्रोमियममधून सहा इलेक्ट्रॉन खरोखर निघून गेलेले नसतात, पण हा हिशेब इतका भरवशाचा आहे की त्यावरून अभिक्रिया तोलता येतात आणि बऱ्याच अंशी तिची दिशाही सांगता येते. पाऱ्याचे कॅलोमेल, म्हणजे मर्क्युरस क्लोराइड, या दोन संकल्पनांना स्पष्टपणे वेगळे करते. त्यात पाऱ्याचे दोन अणू एकमेकांशी जोडलेले असतात आणि प्रत्येकाला एक क्लोरिन असतो. म्हणून प्रत्येक पाऱ्याची संयुजा दोन आहे. पण दोन सारख्या अणूंमधील बंध हिशेबात धरला जात नसल्यामुळे अवस्था केवळ +१ येते.

पाऱ्यावर थोडे अधिक थांबतो. +१ अवस्थेतील हे कॅलोमेल लिटरभर पाण्यात जेमतेम काही मिलिग्रॅम विरघळते, तर +२ अवस्थेतील मर्क्युरिक क्लोराइड सुमारे ७० ग्रॅम. कॅलोमेल औषध म्हणून शतकानुशतके दिले गेले आणि त्याने लोकांना अपायही केला. तरीही ते घेऊन माणसे जगली, याचे मोठे कारण ही अल्प द्रावणीयता आहे. शून्य अवस्थेतील धातुरूप पारा गिळला गेला तर आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही; त्याची वाफ श्वासातून गेली तर मात्र सुमारे ८० टक्के शरीरात राहते, प्रभार नसल्यामुळे मेंदूच्या संरक्षक पडद्यातून पार होते आणि आत गेल्यावर तिचे +२ मध्ये ऑक्सिडीकरण झाले की तिला बाहेर पडण्याची वाट बिकट होते. हवेतही असेच घडते. शून्य अवस्थेतील पाऱ्याची वाफ महिनोन्महिने वातावरणात राहून खंड ओलांडते, आणि +२ मध्ये गेलेला पारा पावसाबरोबर लवकर खाली येतो. एका देशाच्या धुराड्यातील पारा दुसऱ्या देशाच्या सरोवरात का सापडतो, याचे उत्तर या फरकात आहे. म्हणूनच २०१३ मध्ये स्वीकारलेला आणि २०१७ मध्ये अमलात आलेला, पाऱ्यावर नियंत्रण आणणारा मिनामाटा करार जागतिक असावा लागला.

त्याच वेळी पाऱ्याचे उदाहरण माझ्या मागणीला एक मर्यादाही घालते आणि ती प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. हिंगुळ या पाऱ्याच्या लाल खनिजातील पारा +२ अवस्थेत असतो, मर्क्युरिक क्लोराइडमधील पाराही +२ आणि जपानमधील मिनामाटा येथे १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंद झालेल्या रोगाला कारण ठरलेल्या मिथाइल पाऱ्यातील पाराही +२ अवस्थेतच असतो. पहिला पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, दुसरा मूत्रपिंडांवर घाला घालतो, तिसरा माशांच्या साखळीत साठत जाऊन मज्जासंस्था पोखरतो. अवस्था सांगितली म्हणजे सगळे सांगून झाले, असे नव्हे. पण ती सांगितल्याशिवाय संयुगाचा विचार सुरूच होत नाही.

वाचकांनी क्रोमियमवरून ‘वरची अवस्था धोकादायक’ असा नियम बांधू नये, म्हणून आर्सेनिकचे उदाहरण देतो. आर्सेनिक काटेकोरपणे धातुसदृश आहे, पण आरोग्याच्या चर्चेत ते जड धातूंबरोबरच येते. त्याच्या बाबतीत खालची +३ अवस्था अधिक तीव्र विषारी आहे, कारण ती प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना घट्ट धरते. +५ अवस्थेतील आर्सेनेट फॉस्फेटची नक्कल करून ऊर्जानिर्मितीत अडथळा आणते आणि शरीरात तिचेही क्षपण होऊन +३ तयार होते. म्हणून लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण आर्सेनिकला लावली जाते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न शुद्धीकरणाचा आहे. उदासीन पाण्यात +५ आर्सेनिक ऋण प्रभार घेऊन वावरते आणि लोहाच्या हायड्रॉक्साइडवर चांगले चिकटते. +३ आर्सेनिक मात्र, त्याच्या आम्लाचे विघटन सामू ९ च्या पुढे सुरू होत असल्यामुळे, प्रभाररहित रेणूच्या रूपात राहते आणि अनेक शुद्धीकरण संयंत्रांतून निसटते. आधी क्लोरिन किंवा परमँगनेटने त्याला +५ मध्ये नेले, तर तेच संयंत्र नीट काम करते. नुसता हवेचा झोत दिला तर हे ऑक्सिडीकरण फार संथ होते. दोन विहिरींत एकूण आर्सेनिक अगदी सारखे असूनही एकीवरचे यंत्र उपयोगी आणि दुसरीवरचे निरुपयोगी ठरू शकते, आणि अवस्था मोजली नसेल तर दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

भूजलात हे आर्सेनिक येते कसे, यातही अवस्थाबदलच आहे, पण तो लोहाचा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशातील गाळात आर्सेनिक हे +३ अवस्थेतील लोहाच्या ऑक्साइडला चिकटून बसलेले असते. ऑक्सिजन संपलेल्या थरांत जिवाणू सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना इलेक्ट्रॉन लोहाला देतात, लोह +२ होऊन विरघळते आणि त्याच्या आधाराने थांबलेले आर्सेनिक पाण्यात मोकळे होते. तिथे आर्सेनिक कुणी ओतलेले नाही. शेजारच्या धातूला एक इलेक्ट्रॉन मिळाला, आणि कोट्यवधी माणसांचे पिण्याचे पाणी बिघडले.

शिशाचे असेच एक उदाहरण शहरी आहे आणि ते प्रत्येक पाणीपुरवठा अभियंत्याला ठाऊक असावे. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, जुन्या शिशाच्या जोडनळ्या होत्या आणि निर्जंतुकीकरणासाठी मुक्त क्लोरिन वापरला जाई. त्या प्रबळ ऑक्सिडीकारकामुळे नळ्यांच्या आतून +४ शिशाच्या डायऑक्साइडचा थर जमला होता, जो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. क्लोरिन आणि पाण्यातील सेंद्रिय द्रव्य यांच्यापासून बनणारे अपायकारक उपपदार्थ कमी करावेत, या चांगल्या हेतूने २००० च्या अखेरीस तिथे क्लोरामाइन वापरण्यास सुरुवात झाली. क्लोरामाइनचे ऑक्सिडीकारक बळ कमी असल्यामुळे तो थर टिकेना. +४ शिसे +२ मध्ये उतरले, विरघळू लागले आणि हजारो घरांच्या नळांतील शिसे लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम या कारवाईच्या पातळीच्या वर गेले. २००४ मध्ये पाण्यात ऑर्थोफॉस्फेट मिसळण्यास सुरुवात झाली, तेव्हा +२ शिशाचे अल्पद्रावणीय फॉस्फेट नळीला धरू लागले आणि पातळी खाली येत गेली. उगमाच्या पाण्यात शिसे जवळजवळ नव्हते, नळ्या बदललेल्या नव्हत्या. बदलली ती अवस्था. पाण्याची प्रक्रिया बदलताना नळीतील धातूच्या अवस्थेचा विचार झाला नाही, याची किंमत लहान मुलांनी मोजली, आणि हे मला अक्षम्य वाटते.

युरेनियम याच नियमाने चालते. +४ अवस्थेत ते खनिजात अडकून राहते, +६ अवस्थेत कार्बोनेटशी संयोग पावून भूजलात विरघळते. म्हणून ऑक्सिजन किंवा नायट्रेट खोलवर पोहोचले की त्याची हालचाल वाढते. अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत प्लुटोनियम युरेनियमपासून वेगळे करताना त्याला +४ वरून +३ मध्ये आणतात, एवढ्याने ते सेंद्रिय द्रावक सोडून पाण्याच्या थरात येते. कॅडमियमला मात्र हा सगळा विचार लागू होत नाही. त्याचे डी उपकवच पूर्ण भरलेले असल्यामुळे पाण्यात त्याची +२ ही एकच अवस्था आढळते, आणि तिथे एकूण आकडा व सामू एवढी माहिती बऱ्याच अंशी पुरते.

ही माहिती बातमीत का येत नाही, याचे एक कारण प्रयोगशाळेत आहे. धातू मोजण्याच्या प्रचलित पद्धतींत नमुना ज्योतीत, तापलेल्या नळीत किंवा हजारो अंशांच्या प्लाझ्मात नेला जातो. तिथे सगळी संयुगे मोडतात आणि मूळची अवस्था पुसली जाते. उपकरण अणू मोजते, त्याचा पूर्वेतिहास सांगत नाही. अवस्था हवी असेल तर मोजणीपूर्वी क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करावे लागतात. त्याहून नाजूक भाग नमुना जपण्याचा आहे. एकूण धातूसाठी नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून ठेवतात. पण त्याच बाटलीतून नंतर +६ क्रोमियम मोजायला घेतले, तर आम्लात सेंद्रिय द्रव्याच्या सान्निध्याने त्याचे आधीच क्षपण झालेले असू शकते, आणि ‘आढळले नाही’ असा अहवाल येतो. त्यासाठी वेगळी बाटली, किंचित आम्लारिधर्मी द्रावण आणि थंड जागा लागते. तेव्हा अहवालातील शून्याकडेही, नमुना कसा ठेवला होता हे विचारूनच पाहावे.

ऑक्सिडीकरण अवस्था संयुगाच्या नावातच रोमन आकड्याने लिहावी, अशी पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचवली. त्याच स्टॉक यांना प्रयोगशाळेतील पाऱ्याच्या वाफेने अनेक वर्षे आजारी ठेवले होते, आणि कारण उमगल्यावर १९२६ मध्ये त्यांनी त्या वाफेच्या धोक्याविषयी सविस्तर लेख प्रसिद्ध करून सहकाऱ्यांना सावध केले. त्यांनी सुचवलेली खूण शतकाहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत आहे. ती बातमीत आणण्यासाठी फार जागा लागत नाही.

माझी विनंती अशी आहे. क्रोमियम, आर्सेनिक आणि पारा यांविषयीची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी अहवाल देणाऱ्या संस्थेला अवस्थेविषयी, आणि पाऱ्याच्या बाबतीत संयुगाविषयीही, विचारावे. मोजणी केवळ एकूण धातूची असेल तर ‘एकूण’ हा शब्द बातमीत स्पष्टपणे छापावा. आणि शुद्धीकरणाच्या उपायाची बातमी असेल तर आधी कोणती अवस्था होती व नंतर कोणती झाली, हे दोन्ही द्यावे. सर्वच धातूंसाठी महागडी उपकरणे सर्वत्र मिळणार नाहीत, याची मला जाणीव आहे. पण निदान क्रोमियमसाठी ती सबब चालण्यासारखी नाही. आम्लयुक्त केलेल्या ताज्या नमुन्यात डायफिनाइलकार्बाझाइड घातले की +६ क्रोमियम असल्यास काही मिनिटांत जांभळट रंग येतो, +३ क्रोमियम असा रंग देत नाही, आणि त्या रंगाची तीव्रता ५४० नॅनोमीटरला मोजण्याचे साधे उपकरण बहुतेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही असते.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक अध्यापक